ओला रांजण

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा तांब्यापितळेची भांडी राजवाड्यात असत आणि बाकी सगळ्यांचं पाणी मातीत असे. अशा वेळी एका गावात एकच कुंभार होता. त्याचा हात इतका चांगला, की त्याच्या माठातलं पाणी भर चैत्रातही दाताला लागायचं.

त्याला एकच लेक होती, बकू. पाच वर्षांची.

एका संध्याकाळी कुंभाराने मोठा रांजण घडवून अंगणात ठेवला होता. बकू खेळता खेळता आली आणि तिने पंजा उघडून ओल्या रांजणावर दाबला. पाची बोटं उमटली.

"केलंस ना वाटोळं! दिवसभराचं काम माझं," कुंभार ओरडला. पोरगी रडत आईकडे गेली. सकाळी थापी फिरवून ठसा मोडून टाकू, असं ठरवून तो झोपला.

सकाळी बकूला ताप होता. चौथ्या दिवशी ती गेली.

घरात तिचं काय उरलं? एक फाटका परकर आणि रांजणावरचा तो पंजा. रांजण अजून ओलसर होता. कुंभाराने तो घरात आणला, त्याला ओलं कापड गुंडाळलं आणि शेजारी बसून राहिला. माती वाळली की आक्रसते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बोटं लहान होतील. पुढे आव्याच्या भट्टीत भाजताना रांजण तडकला तर तीही जातील. म्हणून त्याने तो वाळूच द्यायचा नाही असं ठरवलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो त्या कापडावर पाणी शिंपडी. वारा लागेल म्हणून कापड मात्र कधी उघडत नसे.

बायको एकदा म्हणाली, "अहो, मला एकदा बघू द्या. नुसता हात लावते."

"बोट लावू नकोस. पुसला जाईल."

ती बिचारी मागे सरली. तिचंही लेकरू गेलं होतं, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. दुःख असं माणसाला आंधळं करतं.

उन्हाळा चढला. बाया माठ मागायला येत आणि रिकाम्या हाताने परत जात. चाकावर धूळ साचली. लोकांनी समजावलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस एक म्हातारा भिक्खू दारात आला. बायकोने त्याला पाणी दिलं. पिता पिता त्याने आत पाहिलं.

"रांजणाला तहान लागलीय का रे?" त्याने विचारलं.

"तहान मला आहे, बाबा," कुंभार म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं.

भिक्खूने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "पोर गेली, ते तुझ्या हातात नव्हतं. ते दुःख कुणालाच चुकलेलं नाही. पण तिला जाऊच द्यायचं नाही, ही तहान तू रोज पाणी घालून वाढवलीस. कापड काढ. या माउलीला तरी बघू दे."

कुंभार रांजणाजवळ गेला. त्याने एकेक वेढा सोडवला.

रांजण गुळगुळीत होता. तीन महिन्यांच्या पाण्याने आणि कापडाने पाची बोटं पुसून नेली होती. त्याने सगळीकडून हात फिरवून पाहिला. कुठेच काही नव्हतं.

बायको हळूच खाली बसली.

"वाळू दिला असता, तर पंजा लहान झाला असता," ती म्हणाली. "होईना का. तिचा हात लहानच होता."

त्या दिवशी कुंभार पहिल्यांदा रडला, आणि बायकोजवळ बसून रडला.

मग त्याने तो रांजण मोडला, माती मळली आणि चाकावरची धूळ पुसली. नवा रांजण घडवला, वाळू दिला, भाजला आणि गावाबाहेर वाटेवरच्या वडाखाली ठेवला. बायको रोज तो भरी. येणारेजाणारे पाणी पिऊन त्या गार रांजणावर क्षणभर हात टेकवत. ते पाहताना तिचे डोळे भरून येत, पण जिवाला बरंही वाटे.

पुढे अंगणातल्या ओल्या मडक्यांवर कुणाच्या लेकराने हात उमटवला, तर कुंभार रागावत नसे. ते मडकं तो तसंच वाळवी, तसंच भाजी. काही तडकत, काही टिकत. तडकलं तर तो हळहळे आणि पुन्हा चाकाशी बसे.

बकूला मात्र तो कधी विसरला नाही. त्या संध्याकाळी आपण ओरडलो, हेही नाही.

जाणाऱ्याला घट्ट धरू पाहणारा, मागे उरलेलंही आपल्याच हाताने पुसून टाकतो.