चिंधी कोंबलेली घंटा

ही गोष्ट अगदी अस्सल आहे, कुणाची उचललेली नाही. सुरुवात तेवढी मावशीची, मधला भाग एका गुराख्याचा आणि शेवट बाजारात आयता कानावर पडला. बाकी सगळी स्वतःची. हसा, हसा! तुमच्या घरचं लोणचं तरी कुणाच्या सासूचं, ते आधी विचारून या.

तर फार जुन्या काळी, डोंगर अजून अंगानं भरत होते तेव्हा, एका गावात एक ओतारी राहत होता. कासं वितळवायचं, साच्यात ओतायचं, गुरांच्या गळ्यातल्या घंटा घडवायच्या, हा त्याचा धंदा. एकदा त्याच्या हातून अशी घंटा उतरली, की तिचा आवाज दोन डोंगर ओलांडून जाई. धुक्यात चुकलेली गाय गुराख्याला जागच्या जागी कळे. गुपित एवढंच, की घंटेच्या आत, काठाच्या जरा वर, त्यानं एक बारीक कंगोरा ठेवला होता.

घंटा साधली आणि ओताऱ्याची झोप उडाली. हा आवाज कुणीतरी चोरणार!

मग त्याला जो तो चोर दिसू लागला. शेजारी खोकला, तर हा म्हणे, सूर जुळवतोय. कौलावर कावळा बसला, तर हा म्हणे, पाठवला कुणी? बायको दळता दळता गुणगुणली, तर हा भट्टी सोडून धावत आला.

"अगं, हळू! घंटेचा सूर आहे तो!"

"अहो, ओवी आहे. माझ्या आईची."

"मग तुझ्या आईनं कुठून घेतला?"

अखेर त्यानं शक्कल लढवली. प्रत्येक घंटेत चिंधी घट्ट कोंबायची आणि गिऱ्हाइकाला शपथ घालायची, "गावची शीव ओलांड, आसपास कुणी नाही असं बघ, मगच चिंधी काढ." मुक्या घंटा विकणारा असा शहाणा पुन्हा झाला नाही.

एके दिवशी राणीची दवंडी आली. ज्यानं नवी वस्तू शोधली असेल, त्यानं ती दरबारात उघडून दाखवावी, कृती सांगावी. मग बारा वर्षं दुसऱ्या कुणी ती करायची नाही; त्यापुढे ती सगळ्यांची. शिवाय प्रत्येक कारागिरानं आपली खूण दरबारात नोंदवावी. ती खूण दुसऱ्यानं आपल्या मालावर ठोकली, तर त्याला शिक्षा.

बायको म्हणाली, "अहो, जा की! आपल्यासाठीच आल्यासारखी आहे दवंडी."

"भरदरबारात चिंधी काढू? लांडग्याला बोलावून शेळ्या दाखवू?"

"मग निदान घंटेवर खूण तरी ठोका."

"म्हणजे चोराला बरोबर कळेल, कुणाची चोरायची ते!"

ती पुन्हा जात्याशी जाऊन बसली. गुणगुणली, पण मनातल्या मनात.

पुढे एक दिवस पलीकडच्या गावचा एक कासार, तांब्यापितळेची भांडी घडवणारा, घंटा घ्यायला आला. तो ठार बहिरा. बोलायचा नीट, समोरच्याचे ओठ बघून ओळखायचाही, पण कानात ढोल वाजवला तरी मान हलायची नाही. ओताऱ्याचा जीव किती दिवसांनी भांड्यात पडला! 'याला कसली चिंधी? हा कुठला आवाज चोरतोय?' त्यानं चिंधीशिवायच घंटा काढून दिली. कासारानं ती उलटीसुलटी केली, आत बोट फिरवलं, दाम दिला आणि गेला. ओतारी त्याच्या पाठीकडे बघून हसत राहिला.

पुढच्या जत्रेत ओताऱ्याला आपलाच आवाज ऐकू आला. एकीकडून नाही, चहूकडून! कासाराच्या पालात घंटांचे घडच्या घड लटकलेले. ओताऱ्यानं त्याचं मनगट धरलं आणि ओढत, जत्रेतच दरबार भरवून बसलेल्या राणीपुढे नेलं.

"राणीसाहेब, यानं माझा आवाज चोरला!"

कासार त्याच्या ओठांकडे टक लावून बघत म्हणाला, "आवाज? मला तर माझाही ऐकू येत नाही, दादा."

दरबार खो खो हसला. राणीनं मात्र हसू दाबून विचारलं, "मग घंटा जमली कशी?"

"यांच्याच दारातून विकत घेतली. आत बोट फिरवलं, कंगोरा लागला. तसाच घातला. गुराखी खूश दिसले, म्हणून आणखी केल्या."

राणी ओताऱ्याकडे वळली. "यानं तुझं घर फोडलं? नोकर फितवला?"

"नाही, पण..."

"तसं केलं असतं, तर याला आजच आत टाकलं असतं. पण विकलेल्या वस्तूत बोट घालणं हा गुन्हा नव्हे. दवंडी ऐकून आला का नाहीस?"

"आलो असतो, तर सगळ्यांनी पाहिली असती."

"आणि आता?"

बाहेर जत्राभर घंटा वाजत होत्या.

कासारानं हळूच मान पुढे काढली. "मग बारा वर्षांचा हक्क मला मिळावा."

"तुला?" राणी म्हणाली. "तू शोधलीस कुठे? नुसतं बोट फिरवलंस. आता ही घंटा उघडी पडली, ती सगळ्यांची. खूण तेवढी ज्याची त्यानं सांभाळावी."

झालं. वर्ष फिरायच्या आत साऱ्या मुलखातले ओतारी तसल्या घंटा करू लागले. कासारानं आपल्या घंटांवर मोराची खूण ठोकली, नोंदवली. गुराखी आता त्या घंटेला 'मोरघंटा' म्हणू लागले आणि मोर नसलेली घंटा, अगदी ओताऱ्याच्या हातचीसुद्धा, नक्कल म्हणून परत करू लागले.

एका संध्याकाळी अशाच परत आलेल्या घंटांच्या ढिगाशेजारी बसून ओतारी बायकोला म्हणाला, "बघ, अखेर माझंच खरं झालं! चोर टपलेला होताच की नाही?"

बायकोनं जातं थांबवलं.

"चोर कुठला हो, गिऱ्हाईक होतं ते! जो आपल्या कामावर आपलंच नाव घालायला भितो, त्याच्या घरी चोराला यावंच लागत नाही."