सुभाना पाथरवटाचा दगडी अर्ज

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण फार वर्षांपूर्वी, कचेरीचा शिक्का हाच देव होता त्या काळी, खडकओहोळ गावात सुभाना नावाचा पाथरवट राहत होता. असं म्हणतात, त्याने छिन्नी टेकवली की काळा फत्तरही लोण्यासारखा कापला जाई.

गावाला पाणी एकाच पायऱ्यांच्या विहिरीचं. बाया पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहत आणि घागरी भरत. त्याच पाण्यातून नारू होई. पायाला फोड यायचा, त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा निघायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सडायचा. सुभानाची मुलगी ठकी, तिचा डावा पाय असाच अधू झाला. मग उजव्यालाही फोड आला.

देवी टोचायला आलेला डॉक्टर म्हणाला, "पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा. पाण्यात पाय पडला नाही की नारू जाईल."

कठडा तर सुभानाच बांधणार होता. पण विहीर सरकारी. परवानगीवाचून दगड लावणं गुन्हा. त्याने गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि बारा कोस चालत कचेरीत नेऊन दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. "चौकशी चालू आहे." असे सात अर्ज दिले.

आठव्या खेपेला तो उन्हातून आला आणि प्यायला पाणी मागितलं. शिपायाने माठावरचं झाकण काढलं. सुभाना पाहतच राहिला. सात कागद एकावर एक चिकटवून केलेलं झाकण होतं ते, आणि वरच्या कागदावर त्याचाच अंगठा, छिन्नीच्या जखमेची आडवी रेघ असलेला! चांगलं पाणी मागणाऱ्या अर्जाने कचेरी स्वतःचं पाणी झाकत होती.

"धूळ पडते ना माठात," कारकून हसला. "तुझे कागद कामी आले की रे!"

सुभाना पाणी न पिताच परतला. गुरुजींनी दगडावर कोळशाने नऊ ओळी लिहून दिल्या, त्याने त्या कोरल्या आणि दगड पाठीवर घेऊन निघाला. असं म्हणतात, बारा कोसांत त्याने तो एकदाही खाली ठेवला नाही. कचेरीच्या उंबऱ्यात टेकवून म्हणाला, "घ्या रावसाहेब. आता ह्याचं झाकण करून दावा."

"दगडावर आवकचा शिक्का बसत नाही. उचल!" कारकून खेकसला.

"वाचा, मग उचलतो."

कुणी वाचेना. चार शिपाई लागले, बैलजोडी लागली, दगड हलेना. तिसऱ्या दिवशी बाजार होता. असं म्हणतात, त्या दिवशी दगडाला पाझर फुटला. पाणी कचेरीत शिरलं, टेबलांचे पाय बुडाले, आणि अर्जांचे गठ्ठे तरंगत उंबऱ्यावरून भर बाजारात आले. लोकांनी ते उचलले आणि सुन्न झाले. चाळीस गावांचे अर्ज, आणि एकाचाही लखोटा फोडलेला नाही! एका म्हातारीला तिच्या थोरल्या लेकाच्या हातचा कागद सापडला. ओढ्यावर साकव बांधा, एवढंच मागणं. तो लेक त्याच ओढ्यात वाहून गेला होता.

तिने तो कागद कचेरीच्या साहेबापुढे धरला.

साहेब गुडघाभर पाण्यात वाकला आणि दगडावरच्या नऊ ओळी मोठ्याने वाचल्या. शेवटच्या शब्दाला पाणी ओसरलं. परवानगी तिथेच मिळाली.

सुभानाने अकरा दिवसांत पायऱ्या बुजवून कठडा उभा केला. ठकीच्या पायातला दोरा अखंड निघाला, उजवा पाय वाचला. वर्ष सरलं आणि गावातला नारू गेला.

आजही खडकओहोळात कुणी अधिकारी आला की गाव त्याला विहिरीपाशी नेतं, हातात अर्ज देतं आणि सगळ्यांदेखत त्याच्याच तोंडून वाचून घेतं. तोवर पाण्याचा तांब्या पुढे येत नाही. मागे एक नवे साहेब वैतागले, "अहो, ऊन बघा किती! आधी पाणी तरी द्या."

कठड्याला टेकलेली आजी म्हणाली, "सुभानाची आण हाय, सायेब. आधी वाचा."

साहेबांनी खिशातून चष्मा काढला.