दुसरी चटई

"दोघांपैकी कुणाला परत पाठवू, बाबा?"

दाऊदबाबा पिराचं अंगण झाडत होते. झाडू थांबला नाही, पण बाबा हसले. आठ महिन्यांत ह्या माणसानं त्यांचा सल्ला विचारण्याची ही पहिलीच वेळ.

आठ महिने श्रीरंग मयेकर रोज सकाळी टेकडी चढून पिराच्या अंगणात येत होता. गावातल्या बायका म्हणत, पोरगा भाविक आहे हो, एक दिवस चुकवत नाही. खरी गोष्ट वेगळी होती. खाली गावात मोबाइलला रेंज नव्हती, आणि वर पिराशेजारच्या काळ्या खडकावर ती भरभरून यायची.

खाली सुरूच्या बनामागे श्रीरंगची दोन कॉटेज होती. ती त्यानं तीन साइटवर टाकली होती. एका साइटवर बुकिंग आलं की बाकीच्या दोन साइटवर तीच तारीख लगेच बंद करायची, एवढंच काम. ते आपोआप होण्याची सोय असते, पण श्रीरंगला ती नको होती.

"माझं डोकं शाबूत आहे ना," तो म्हणे.

डोकं होतंच. तोरा जरा जास्त होता.

खडकावर तो बाबांकडे पाठ करून बसायचा. मागे उंडीच्या झाडाखाली बाबा दोन चटया अंथरायचे. एकीवर स्वतः बसायचे, दुसरी मोकळी राहायची. पाऊस असला तर ह्याच दोन चटया पडवीत यायच्या.

श्रीरंगनं एकदा मान वळवून विचारायच्याऐवजी सांगूनच टाकलं होतं.

"बाबा, जागा अशी अडवून ठेवायची नसते. एक दिवस रिकामा गेला की गेला."

"मेहमान यायचाय," बाबा म्हणाले होते.

"कधी?"

"येईल..."

श्रीरंगनं मान हलवली होती आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. धंदा शिकवायचा तरी किती जणांना!

आज मात्र तो खडकावर गेला नाही. अंगणातच उभा राहिला. चेहरा पार उतरला होता.

"काय झालं, रंगा?"

"एका कॉटेजमध्ये पाहुणे आहेत, सोमवारपर्यंत. दुसरं एकच आहे. आणि आज दुपारी तीन वाजता त्याच्यासाठी दोघं येतायत. दोन वेगळ्या साइटवरून."

"असं कसं झालं?"

"पहिल्या साइटवर आजचं बुकिंग आलं. दुसरीवर मी तारीख बंद केली. तिसरीवर करणारच होतो, तेवढ्यात..."

"तेवढ्यात?"

श्रीरंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"तेवढ्यात मला 'उत्तम यजमान'चा बिल्ला मिळाल्याचं दिसलं. तो तुम्हाला दाखवायला उठलो."

"हां. दाखवलास की. सोनेरी होता."

"मग तुम्ही चहा दिलात."

"दिला."

"आणि मी तसाच खाली उतरलो."

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि पोराची दयाही येत होती. दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आता एकाला नाही म्हणायला हवं," श्रीरंग घाईघाईनं म्हणाला. "पहिल्या साइटवर रद्द केलं तर बिल्ला जातो. तिसऱ्या साइटवर पहिली चूक माफ आहे. म्हणजे तिसऱ्या साइटवाल्यांना परत पाठवावं. पण तिथं मला अजून पुरते पाच स्टार नाहीत, ते लोक वाईट लिहिणार. तुम्हीच सांगा, कुणाला?"

"नावं काय त्यांची?"

श्रीरंगनं मोबाइल काढला. अंगठा वर, खाली, पुन्हा वर.

"एक... प्रभुणे. दुसरं सरनौबत."

"कोण लोक आहेत?"

"दोन जण. आणि दोन जण."

"मी गिनती नाही विचारली. त्यांनी काही लिहिलंय का?"

"लिहितात सगळेच. आपण वाचायची गरज नसते, उत्तर आपोआप जातं."

"काय जातं?"

"'संदेशाबद्दल आभार. आपण आमच्यासाठी खास आहात.'"

बाबा आपल्या चटईवर बसले.

"वाच," म्हणाले.

श्रीरंगनं वाचलं. सरनौबतबाईंनी लिहिलं होतं, 'आम्ही मिरजेच्या शाळेतल्या दोघी मैत्रिणी. एकतीस वर्षांनी भेटतोय. खूप बोलणार आहोत आणि खूप मोठ्यानं हसणार आहोत. शेजारच्यांची झोपमोड होणार नाही अशी जागा हवी.'

बाबांनी मान डोलावली.

"दुसरं वाच."

"'आम्ही परभणीहून येतोय, मी आणि आई. आईचं वय एक्याऐंशी. तिनं समुद्र पाहिलेला नाही. गुडघ्यांमुळे वाळूत चालता येणार नाही. तुमच्या पहिल्या फोटोतली ती समुद्रावरची खिडकी बघून ही जागा पक्की केली. त्या खिडकीजवळ एक खुर्ची ठेवता येईल का?'"

श्रीरंगचा आवाज शेवटी बारीक झाला.

"कधीचं आहे हे?"

"तीन आठवड्यांपूर्वीचं."

"तू काय कळवलंस?"

"...आपण आमच्यासाठी खास आहात."

खाली कुठेतरी कुणीतरी नारळ सोलत होतं. बाबांनी हात पुढे केला.

"बघू ती खिडकी," बाबा म्हणाले.

श्रीरंगनं मोबाइल दिला. बाबांनी तो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले. निळं पाणी, दूर एक होडी, खिडकीच्या कडेला मातीच्या कुंडीत अबोली.

"सुंदर आहे रे. ही दुसऱ्या कॉटेजची?"

"...नाही."

"मग पहिल्या?"

"कॉटेजमधून समुद्र दिसत नाही, बाबा. सुरू आड येतात."

"अजिबात दिसत नाही?"

"ऐकू येतो."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून ते श्रीरंगला जास्त लागलं.

"मग हा फोटो कुठला?"

"माझ्या खोलीतला. मी राहतो ना, ती पुढची. तिथून सगळा समुद्र दिसतो."

"आणि ती खोली कुठल्या साइटवर आहे?"

"ती कुठेच नाही टाकली. ती माझी आहे."

उंडीची दोन पांढरी फुलं चटईवर पडली होती, ती बाबांनी उचलून बाजूला ठेवली. मोबाइल श्रीरंगच्या हातात परत दिला.

श्रीरंग त्या फोटोकडे बघत उभा राहिला... तीन साइटवर तीन जागी लावलेली ती खिडकी. तिच्यासाठी किती लोक आले असतील आणि सुरूची खोडं बघून गेले असतील. कुणी बोललं नव्हतं. लोक समजूतदार असतात. पाच स्टार देऊनही गेले होते.

"म्हणजे मी त्या आजींना माझी खोली..."

"मी काही म्हटलं का?"

"नाही म्हटलंत."

"मग?"

श्रीरंग खडकाकडे निघाला. चार पावलांवर थांबला. अंगणातही रेंजची दोन दांडकी दिसत होती. त्यानं तिथूनच फोन लावला. पाहुण्याला त्यानं स्वतः लावलेला हा पहिलाच फोन. ऐकणाऱ्याला नीट ऐकू यावं म्हणून की स्वतःला कमी ऐकू यावं म्हणून कोण जाणे, तो फार मोठ्यानं बोलत होता.

"प्रभुणे साहेब? मी श्रीरंग मयेकर, कॉटेजवाला. कुठवर आलात?... घाटात? बरं. एक सांगायचंय. फोटोत दिसते ती खिडकी कॉटेजची नाही. कॉटेजमधून समुद्र दिसत नाही. मी खोटं दाखवलं. आणि रिकामं कॉटेजही एकच आहे, ते चुकून दोघांना दिलं गेलंय."

श्रीरंगनं डोळे मिटले.

"ती खिडकी माझ्या राहत्या खोलीची आहे. चालत असेल तर तुम्ही तिथं उतरा. चार पायऱ्याही नाहीत. खुर्ची मी आत्ताच ठेवतो... नसेल चालत तरी तसं सांगा. तुमचा हक्क आहे."

पलीकडे गाडीत कुणाशी तरी बोलणं चाललं. श्रीरंग ऐकत राहिला. मोबाइल कानापासून थोडा लांब धरून तो बाबांकडे वळला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"त्या आजी विचारतायत..."

"काय विचारतायत?"

"म्हणतायत, मग तू कुठं झोपशील, बाळा?"

श्रीरंगपाशी तीन साइटची डोक्यात पाठ असलेली सगळी कॅलेंडरं होती, पण आज स्वतःला कुठं ठेवायचं हे त्यातल्या एकातही नव्हतं.

दाऊदबाबा उठले. दुसरी चटई उचलून झटकली, उंडीच्या सावलीत पुन्हा अंथरली, आणि तिच्यावर दोनदा थोपटलं.

"ती नको, बाबा," श्रीरंग म्हणाला. "ती तुमच्या मेहमानाची आहे."

"आठ महिने रोज तुझ्याच नावानं अडवून ठेवलीय, रंगा. आता तरी पाठ फिरवू नकोस."