केरबा लेकीला टेनिसच्या फायनलला नेतो

आडोली नावाच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे विसराळू नव्हे. सांगितलेली गोष्ट त्याच्या पक्की ध्यानात राहायची. सगळे घोटाळे त्यामुळेच व्हायचे.

त्याची बायको हौसा गावची आशाताई होती. दोघांना आठ महिन्यांची मुलगी होती, तिचं नाव मुक्ता. आणि हौसाची धाकटी बहीण तेजल शहरात राहून टेनिस खेळायची. हौस म्हणून नाही, तेच तिचं काम. त्या वर्षी शहरात मोठी स्पर्धा भरली. परदेशातल्या मुली खेळायला आल्या. तेजल एकेकीला हरवत थेट फायनलला पोहोचली.

फायनल रविवारी होती आणि नेमका त्याच रविवारी पल्स पोलिओ आला. गावातल्या सगळ्या पोरांना डोस पाजायचे, म्हणजे हौसाला जागचं हलता येईना. इकडे तेजल फोनवर सारखी म्हणत होती, "ताई, घरचं कुणीतरी समोर बसलेलं दिसू दे गं." शेवटी केरबा निघाला. घरात पोर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मुक्ताही निघाली.

"अहो, तिथं आपल्या मनाचं काही करू नका," हौसा म्हणाली. "तिथली माणसं सांगतील तसं वागा."

"सांगतील तस्सं," केरबा म्हणाला.

मैदानाच्या गेटावर एक मिशीवाला वॉचमन उभा होता. त्यानं केरबाची पिशवी उघडली. आत दुधाची बाटली आणि डब्यात नाचणीची खीर.

"बाहेरचं खाणंपिणं आत न्यायचं नाही," वॉचमन म्हणाला आणि मागच्या माणसाची पिशवी बघायला वळला.

केरबानं बाटलीचं बूच काढलं आणि उभ्या उभ्या सगळं दूध पिऊन टाकलं. मग खीर खाल्ली. डबा बोटानं पुसून काढला. मुक्ता बापाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिनं असा काही सूर लावला की रांग दोन पावलं मागं सरकली.

"अहो, हे काय केलं?" वॉचमन म्हणाला. "बाळाचं खाणं चालतं की!"

"तुम्ही सांगितलं नाही."

"मग विचारायचं! आधी विचारायचं, मग करायचं."

"आधी विचारायचं," केरबानं मनात पक्कं केलं.

वॉचमन भला माणूस होता. त्यानं कॅन्टीनमधून दूध आणून दिलं, म्हणून मुक्ता निभावली.

केरबा आत जाऊन बसला. जागा अगदी पुढची होती, तेजलनंच धाडलेल्या पासाची. शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांची वेणी लांबसडक आणि तिला खाली गोंडा. मुक्तानं गोंडा बघितला आणि दोन्ही मुठींत वेणी पकडली.

"आई गं! अहो, सोडवा हिला!" बाई ओरडल्या.

केरबा सोडवणारच होता. तेवढ्यात त्याला आठवलं. तो तसाच उठला आणि गेटाकडे चालायला लागला. मुक्ता केरबाच्या कडेवर, वेणी मुक्ताच्या मुठीत आणि बाई वेणीच्या मागं. अशी वरात पायऱ्या चढून गेटावर आली.

"वॉचमनदादा," केरबा म्हणाला, "हिनं या बाईंची वेणी धरली आहे. सोडवू का?"

वॉचमननं आधी वेणी सोडवली. बाईंची माफी मागितली. मग केरबाकडे वळला.

"यात विचारायचं काय? बाळानं दुसऱ्याचं काही धरलं की हातातून लगेच काढायचं आणि ज्याचं त्याला परत द्यायचं."

"लगेच काढायचं, ज्याचं त्याला द्यायचं," केरबा म्हणाला. त्याला हे पटलं. असं कुणी नीट समजावून सांगितलं की त्याला बरं वाटायचं.

फायनल सुरू झाली. तेजलनं आत येताच वर बघितलं, दाजी आणि भाची दिसली, तशी तिच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरली. तिच्यासमोर घोड्यासारखी उंच अशी एक परदेशी मुलगी होती. पण मनानं फार गोड. पहिला सेट जिंकल्यावर ती पाणी प्यायला कडेला आली, तिला मुक्ता दिसली. तिनं एका चेंडूवर सही केली आणि तो मुक्ताच्या हातात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुक्तानं चेंडू चोखून बघितला.

केरबानं तो लगेच काढून घेतला. ज्याचा त्याला द्यायचा होता. ती मुलगी जागेवर जाऊन सर्व्हिस करायला हात उचलते तोच त्यानं नेम धरून चेंडू फेकला. बरोब्बर पाठीत बसला.

उंच खुर्चीवरचे पंच खेळ थांबवून माइकवर बोलले, "प्रेक्षकांना विनंती आहे. खेळ चालू असताना जागेवरून हलू नये. तोंडातून आवाज काढू नये."

"हलू नये, आवाज काढू नये," केरबा पुटपुटला, आणि दगडाच्या देवासारखा बसला.

मुक्ता मात्र कुणाचंच ऐकायच्या वयाची नव्हती. ती मांडीवरून घसरली. रांगत रांगत पुढं गेली. कठड्याला एक फट होती, तिच्यातून पलीकडे उतरली. केरबाला सगळं दिसत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खेळ चालू होता.

दुसऱ्या सेटमध्ये तेजल पुढं होती. एक पॉइंट मिळाला की सेट तिचा. ती चेंडू उडवणार तोच तिच्या बुटाची नाडी कुणीतरी ओढली. खाली बघते तर भाची.

"हे बाळ कुणाचं आहे?" पंचांनी विचारलं.

केरबा गप्प.

"कुणाचं आहे हे बाळ?"

सगळं मैदान इकडेतिकडे बघायला लागलं. केरबा समोर बघत बसला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण त्यानं ते पुसलंही नाही, कारण पुसायचं तर हात हलवावा लागला असता.

शेवटी तेजलच मुक्ताला उचलून कठड्यापाशी आली. "दाजी! पंच विचारतात तर बोलता का येत नाही? पंच जे म्हणतील ते ऐकायचं! लगेच!"

"पंच म्हणतील ते, लगेच," केरबा म्हणाला आणि त्यानं लेकीला छातीशी धरलं.

तेजलनं तो सेट जिंकला. तिसरा, शेवटचा सेट सुरू झाला. समोरच्या मुलीनं जोरात फटका मारला. चेंडू रेषेच्या पलीकडे पडला.

"आउट!" पंच म्हणाले.

केरबा उठला, मुक्ताला घेतलं आणि बाहेर गेला.

बाहेर वॉचमन म्हणाला, "का हो?"

"पंचांनी बाहेर काढलं."

वॉचमनला वाटलं, बाळ रडलं असेल. मधल्या सुट्टीत त्यानं केरबाला आत सोडलं. केरबा खाली बसला. तेजलनं मारलेला चेंडू रेषेच्या बाहेर गेला.

"आउट!"

केरबा पुन्हा बाहेर. पुन्हा सुट्टी, पुन्हा आत. आत बसतो न बसतो तोच "आउट!" असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी तो बाहेर उभा असताना आतून टाळ्या आणि शिट्ट्यांचा असा गजर उठला की मुक्ता दचकली.

"काय झालं हो?" केरबानं विचारलं.

"तेजलताई जिंकल्या!"

केरबाला आनंद झाला. लगेच वाईटही वाटलं. शेवटचा फटका बघायला घरचं कुणीच समोर नव्हतं. त्यानं वॉचमनला सगळं सांगितलं. वॉचमननं कपाळावर हात मारला.

"अहो, आउट ते चेंडूला म्हणतात! बोलणारा कुणाकडे बघतोय ते आधी बघायचं. तुमच्याकडे बघून बोलला, तरच ते तुम्हाला."

"माझ्याकडे बघून बोलला, तरच मला." केरबानं मान डोलावली.

आत बक्षीस समारंभ चालला होता. टेबलावर दोन चांदीचे कप होते. एक मोठा, परातीएवढ्या तोंडाचा, आणि एक तांब्याएवढा छोटा. फोटोवाल्यांना एक कल्पना सुचली. त्यांनी तेजलला मुक्ताला मोठ्या कपात बसवायला लावलं. मुक्ता आत अगदी मापात बसली. शंभर फोटो निघाले. मग तेजलला मुलाखतीसाठी आतल्या खोलीत नेलं. जाताना ती म्हणाली, "दाजी, तुम्ही निघा आता, शेवटची एसटी चुकेल. मी उद्या येते." दमलेली मुक्ता कपातच झोपी गेली होती.

स्पर्धेचे सेक्रेटरी कागद बघत आले. ते म्हणाले, "तुम्ही तेजलताईंच्या घरचे ना? हा मोठा कप फिरता आहे. पुढच्या स्पर्धेपर्यंत तो जसा आहे तसा इथंच राहील, त्याला हात लावायचा नाही. छोटा तुम्ही घरी न्यायचा."

ते नेमकं कुणाकडे बघताहेत हे केरबानं नीट बघितलं. ते केरबाकडेच बघत होते.

त्यानं छोटा कप मुक्ताच्या दुपट्यात गुंडाळला आणि एसटीत जाऊन बसला. खिडकीतून वारं येत होतं म्हणून दुपटं नीट ओढून घेतलं. शेजारच्या आजींनी वाकून विचारलं, "किती महिन्यांचं आहे?"

"आजच मिळालाय," केरबा म्हणाला.

घरी हौसा दारातच उभी होती. बहीण जिंकल्याचं तिला फोनवर कळलं होतं. गल्लीतल्या बायका ओवाळायला जमल्या होत्या.

"झोपली वाटतं," हौसा हळूच म्हणाली. तिनं गाठोडं हातात घेतलं. ते फारच हलकं लागलं. तिनं दुपटं बाजूला केलं. आतून चांदीचा कप चमकला.

"अहो! मुक्ता कुठाय?"

"मोठ्या कपात आहे," केरबा म्हणाला. "त्याला हात लावायचा नाही म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले."

"अहो, म्हणजे माझी पोर मला मिळणार कधी?"

"मिळेल की. फिरता कप आहे, पुढच्या वर्षी जिंकेल तिच्याकडे जाईल," केरबा म्हणाला. "तेवढं तेजलला सांग, सराव सोडू नकोस म्हणावं."