पवळेच्या नावाची मैना

एका राज्यात दयेला तोटा नव्हता. राजा सुधर्म दयाळू, त्याचा बाप दयाळू, आणि आजा तर इतका दयाळू की पांगळ्या-आंधळ्यांना, बहिऱ्या-मुक्यांना गाऱ्हाणं घेऊन दरबाराच्या साठ पायऱ्या चढाव्या लागतात, हे त्याला बघवेना. तुमच्या-आमच्या मनात आलं असतं की पायऱ्यांचंच काहीतरी करावं, नाहीतर आपण साठ पायऱ्या उतरून खाली यावं. पण आजोबा पडले राजे. त्यांनी भृंगनाथ नावाच्या मांत्रिकाला बोलावलं आणि त्याच्याकडून मैना करवून घेतल्या.

रीत अशी ठरली. राज्यात अधू मूल जन्मलं, किंवा मोठेपणी कुणाचे हात-पाय, कान-डोळे गेले, की राजवाड्याचा माणूस घरी येई आणि त्याच्या केसांची एक बट घेऊन जाई. भृंगनाथ ती बट एका अंड्याभोवती गुंडाळी. सातव्या दिवशी अंड्यातून मैना निघे आणि त्या माणसाच्या आवाजात बोलू लागे. मुक्याच्या मैनेलाही आवाज फुटे, तो कुणाचा हे कुणी विचारत नसे. अशा सातशे मैना दरबारात चांदीच्या दांड्यांवर बसलेल्या असत. दर सणाला राजा विचारी, "लेकरांनो, सुखी आहात ना?" सातशे मैना म्हणत, "सुखी आहोत, महाराज." राजाचे डोळे भरून येत, आणि मग पंगत बसे.

राजवाड्यापासून तीन दिवसांच्या वाटेवर, नदीकाठी, कोळ्यांची एक वस्ती होती. तिथे पवळा राहत असे. वय सव्वीस. पाय जन्मापासून लुळे, हात मात्र असे की तिने विणलेलं जाळं चार गावांत ओळखू येई. आई बाळंतपणात गेली; मंजुळाआत्याने तिला वाढवलं. सकाळी तिला अंथरुणातून उंबऱ्यापाशी आणायला आत्या असे आणि शेजारपाजारच्या बाया असत. पवळेला उचलण्याआधी "कुठून धरू?" असं विचारायची त्या वस्तीला सवयच लागली होती. पवळा सांगे, "डाव्या काखेखालून धर. घाई नगं." मग दिवस सुरू होई.

आश्विनातल्या एका सकाळी दारात राजाचा हुजऱ्या आला. त्याने फर्मान वाचलं, "पवळा कोळीण हिच्या इच्छेवरून तिला क्षेमगडावर कायमचं नेण्यात येणार आहे."

क्षेमगड म्हणजे डोंगरावरचा किल्ला. अधू माणसांसाठी राजाने तो सजवला होता. तिथे मऊ गाद्या होत्या, दोन वेळचं गोडधोड होतं. खाली उतरायची वाट मात्र कुणी बांधली नव्हती, कारण खाली उतरायचं कुणाला कशाला सुचेल?

"माझी इच्छा?" पवळा म्हणाली. "मी कुणाला बोलले?"

"महाराजांना. गेल्या सणाला. भर दरबारात."

पवळेच्या हातातली सुई तशीच राहिली. दरबार तिने कधी पाहिलाही नव्हता. हुजऱ्या खोटं बोलत असता तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते, पण त्याचा चेहरा सरळ होता. तो जे ऐकलं तेच सांगत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"नऊ दिवसांनी पालखी घेऊन येतो," तो म्हणाला. "निरवानिरव करून ठेव."

पवळेने निरवानिरव केली नाही. तिने शेजाऱ्याचं गाढव आणि गाडा मागून घेतला. आत्या बरोबर निघाली. एरवी आत्याच्या तोंडाला खळ नसे. त्या तीन दिवसांत ती दहा वाक्यंही बोलली नाही.

राजवाड्याच्या पायथ्याशी दोन पहारेकऱ्यांनी पवळेला काही न विचारता हातापायांना धरलं आणि धान्याचं पोतं न्यावं तसं साठ पायऱ्या वर नेलं. दरबारात तिला खाली ठेवलं तेव्हा तिचा खांदा निखळल्यासारखा दुखत होता. पण ते दुखणं ती लगेच विसरली. कारण राजाने मान वळवून आत्याला विचारलं, "हिला काय हवं आहे?" आणि पवळेने तोंड उघडायच्या आत तिचाच आवाज वरून आला.

"मी सुखी आहे, महाराज. क्षेमगडावर जाण्याची माझी इच्छा आहे."

दांडीवर एक मैना बसली होती. आवाज पवळेचा. पहिलं अक्षर उच्चारताना पवळा किंचित अडखळते, तेही तसंच. बोली मात्र राजवाड्याची. पवळेच्या अंगावर काटा आला. उभ्या जन्मात असं काही तिने ऐकलं नव्हतं. आपण इथे जमिनीवर बसलोय आणि आपणच तिथे वर बसून आपल्याला विकतोय, असं तिला वाटलं.

"म्हाराज, ती मी न्हाई," ती म्हणाली. "मला जायचं न्हाई."

राजा तिच्या हलणाऱ्या ओठांकडे मायेने बघत राहिला. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. दरबाऱ्यांना ऐकू आलं होतं. पण जे राजाला ऐकू येत नाही ते दरबाऱ्यांना कधी ऐकू आलंय? कुणी अंगठी फिरवत होतं, कुणी छताची नक्षी बघत होतं.

मैनांना दाणे घालणारा एक म्हातारा तिच्याजवळ आला. तोच भृंगनाथ. वय तीनशे वर्षं, दाढी गुडघ्यापर्यंत.

"ज्याच्या नावाची मैना इथे बसते, त्याच्या शब्दांना सिंहासनावरचे कान बंद असतात," तो म्हणाला. "माझ्याकडे उत्तरं मागितली होती. मी उत्तरं बनवून दिली."

"ह्यातनं वाट?"

"तुझे शब्द दुसऱ्याच्या तोंडून जाऊ शकतात. तीन वेळा. जसेच्या तसे. पदरचा शब्द घातला किंवा तुझा गाळला, तर मैना तो खाईल आणि वाढेल. तिसऱ्यांदाही चूक झाली तर तुझा आवाज तिचा कायमचा झाला. मग घरीही तू मुकीच."

"आन चुकलं न्हाई तर?"

"मैना उपाशी मरेल. कान उघडतील."

पवळेने आत्याकडे पाहिलं. तिच्याशिवाय तिथे तिचं होतं कोण? ती म्हणाली, "सांग म्हाराजांना. मला क्षेमगडावर जायचं न्हाई."

आत्या पुढे झाली, हात जोडले. "म्हाराज, पोर म्हणती, मला क्षेमगडावर जायचं न्हाई. आईविना वाढलीया जी. दया करा."

मैनेने चोच उघडून काहीतरी गिळलं आणि ती कोंबडीएवढी झाली. "मी आईविना वाढले, महाराज," ती पवळेच्या आवाजात म्हणाली. "दया करा. मला गडावर न्या."

राजाने डोळे पुसले आणि लेखनिकाला खूण केली.

"आत्या, पदरचं घालू नगंस," पवळा म्हणाली. "आता ह्ये सांग. मला सकाळी उठवायला, अंघोळीला न्हेऊन बसवायला माणूस लागतं. आत्या आता थकली. ते माणूस आमच्या वस्तीतलं हवं, मी निवडलेलं हवं, आन त्याची मजुरी तुमच्या कोठारातनं हवी. गडावर माझ्यावर खर्चणार, ते माझ्या दारात खर्चा."

आत्या पुन्हा पुढे झाली. "म्हाराज, हिला माणूस लागतं. वस्तीतलं हवं, हिनं निवडलेलं हवं, मजुरी तुमच्या कोठारातनं हवी. गडावर हिच्यावर खर्चणार, ते हिच्या दारात खर्चा."

आत्याने जे गाळलं, तेही मैनेने गिळलं. आता ती मोराएवढी झाली आणि चांदीची दांडी तिच्या भाराने वाकली.

"का गं गाळलंस?" पवळेने विचारलं.

"येवढ्या पुरुषमाणसांत अंघोळीचं कसं बोलू? आन मी थकले, ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या गुडघ्यांनी. रोज सांगत्यात."

आत्या खाली बसली. तीन दिवस दाबून धरलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "बट म्या दिली व्हती, पवळे. तू बारा दिवसांची व्हतीस. राजाचा माणूस म्हणाला, हिच्यासाठी बोलाया कुणी नगं का? मला वाटलं, बरंच हाय. माझ्या मागं हिचं कोण बोलंल? कापली आन दिली."

सव्वीस वर्षं. पवळा बोलायला शिकली नव्हती तेव्हापासून इथे कुणीतरी तिच्या नावाने हो म्हणत होतं, आणि ती बट देणारे हात तिला भरवणारेच होते. हे सगळं दुष्टाव्याने झालं असतं तर ती शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण झालं होतं ते मायेने. तिला आत्याचा राग आला, खूप आला, आणि त्याच वेळी तिचा हात आत्याच्या पाठीवर होता.

तेवढ्यात दालनाच्या टोकाकडून कुणीतरी खोकलं. तंबाखूने घासलेला, जाडाभरडा आवाज. "मी सुखी आहे, महाराज."

पवळेने आवाज ओळखला. तो भागोजी होता. त्यांच्या वस्तीतला आंधळा भागोजी, लग्नात संबळ वाजवणारा. त्याला क्षेमगडावर नेलं होतं. चार उन्हाळ्यांपूर्वी गडावरून त्याचं संबळ परत आलं, तो आला नाही. वस्तीने त्याचा तेराव्याचा भात शिजवला होता. पवळेनेही त्यातला घास खाल्ला होता. आणि इथे तो अजून सुखी होता.

आत्यानेही तो आवाज ओळखला. ती ताडकन उठली. "अगं, ह्यो तर मेलाय. सांगते मी म्हाराजांना—"

"न्हाई." पवळेने तिचा पदर धरला. "तू सांगितलंस तर त्ये मैना खाईल. सांग, म्हाराज, भागोजीला इचारा, त्यो कसा हाय. येवढंच. म्होरं एक अक्षर न्हाई."

"पर, पवळे..."

"येवढंच, आत्या. माझा आवाज हाय त्यो."

आत्या पुढे गेली. तिच्या ओठांवर किती काय काय आलं असेल ते तिलाच ठाऊक. मेल्याची कळ होती, चार वर्षांचं रडं होतं, पोरीसाठीची भीक होती. तिने ते सगळं दातांखाली दाबलं आणि म्हणाली, "म्हाराज, भागोजीला इचारा, त्यो कसा हाय."

मग तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकलं. मोराएवढ्या मैनेने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तिला काही मिळालं नाही.

राजाला तो साधा प्रश्न आवडला. "भागोजी, कसा आहेस?"

"सुखी आहे, महाराज. गडावरची खीर गोड आहे."

राजा हसला. पण पवळेला न्यायच्या तयारीसाठी आलेला गडकरी खांबाशी उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. राजाने ते पाहिलं. "काय झालं?"

गडकऱ्याने जमिनीकडे बघत सांगितलं, "महाराज, भागोजी वारला. चार वर्षं झाली. मला वाटलं, आपल्याला ठाऊक असेल. आपण तर दर सणाला विचारता."

राजा उभा राहिला, पुन्हा बसला. "मग मी विचारत कुणाला होतो?" तो म्हणाला. "लेकरांनो, मी कुणाला विचारत होतो?"

सातशे मैना एका सुरात म्हणाल्या, "सुखी आहोत, महाराज."

राजाने कानांवर हात ठेवले. इतकी वर्षं हेच ऐकून त्याचे डोळे भरत होते. तो सिंहासनावरून उतरला, उतरला म्हणण्यापेक्षा घसरलाच, आणि पवळेसमोर जमिनीवर बसला. त्याच वेळी वरची उपाशी मैना मोराची कोंबडी झाली, कोंबडीची मैना झाली, मैनेचं अंडं झालं, आणि अंडं फुटून त्यातून तान्ह्या बाळाच्या मऊ केसांची एक बट खाली पडली. मंत्र तुटला, आणि तो एकट्या पवळेपुरता तुटला नाही. राजाच्या कानांना बाहेरचा वारा ऐकू आला, दरबाऱ्यांचे उसासे ऐकू आले आणि समोरच्या बाईचा श्वास ऐकू आला.

"तुला काय हवं?" त्याने तिलाच विचारलं.

पवळेने सगळं सांगितलं. अंघोळीचंही सांगितलं, खाली न बघता. वस्तीतल्या नदीघाटाच्या पायऱ्यांशेजारी गाडा उतरेल असा उतार हवा, हे सांगितलं. होड्या कुठे बांधायच्या ते वस्तीचे पंच तिच्या अंगणाशेजारीच बसून ठरवतात आणि तिला विचारत नाहीत, त्या पंचांत आपल्याला जागा हवी, हेही सांगितलं. लेखनिकाने एकेक शब्द लिहून तिला वाचून दाखवला; दोन ठिकाणी तिने दुरुस्ती केली. फर्मान रद्द झालं.

आत्याने खालच्या आवाजात विचारलं, "रागावलीस?"

"हो."

"लई?"

"सांगीन. मला सांगावंसं वाटंल तवा."

राजा अजून जमिनीवरच बसला होता. त्याने वर पाहिलं. शेकडो मैना मान तिरपी करून वाट बघत होत्या. तो हात जोडून पवळेला म्हणाला, "तू शहाणी आहेस. तूही त्यांच्यातलीच. या बाकीच्या सगळ्यांसाठी मी काय करू, ते तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. भृंगनाथाचा हात नकळत पिशवीतल्या रिकाम्या अंड्याकडे गेला. त्या दिवशी पवळेला बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यांत मोठा होता, कारण राजा हे मनापासून म्हणत होता.

"म्हाराज," ती म्हणाली, "मी त्यांची मैना न्हाई."

राजाला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठला, जोडे न घालताच निघाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी काही विचारण्यासाठी साठ पायऱ्या उतरून खाली गेला. पहिल्याच दारात एका बहिऱ्या म्हातारीने त्याला हातवारे करून दुपारभर झापलं. त्याला अर्धंच कळलं. तो म्हणाला, "पुन्हा सांग," आणि उंबऱ्यावर बसला. जे ज्याचं ते त्याने त्याच्या तोंडाने, त्याच्या हातांनी सांगितलं, राज्य ताळ्यावर आलं, आणि कहाणी इथे पुरी झाली.