हौसाक्कांच्या मरणाची नोंद

जयसिंगपूरच्या हौसाक्का मगदूम यांनी मिरची कुटून चटणी करून देणारं कांडप चालवत छोट्या धंदेवाल्यांच्या पेन्शन योजनेत बावीस वर्षं न चुकता हप्ते भरले. साठी उलटल्यावर त्या धाकट्या बहिणीला घेऊन योजना चालवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत पेन्शन सुरू करायला गेल्या. तिथल्या सबनीस साहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहत सांगितलं, "तुम्ही मार्चमध्येच वारलात."

हौसाक्का टेबलाजवळ सरकल्या. "आवो, मी तुमच्याम्होरं उभी हाय की!"

"नोंद म्हणजे नोंद. तिच्यापुढे माझंही चालत नाही."

  हौसाक्कांनी बहिणीला पुढे केलं. "सायेब, ही माझी वारस. मी मेली आसंन, तर पैसं हिला द्या."

साहेब खेकसले, "असे कसे देऊ? मृत्यूचा दाखला कुठंय? पुराव्याशिवाय आम्ही कुणालाच मेलेलं धरत नाही!"

"मग मला मेलेली धरताना कुठला पुरावा बघितला?"

  साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढून नोंद दुरुस्त केली.

पेन्शनचा कागद हातात आला, तरी हौसाक्कांनी घरी जाताना बहिणीला दोनदा विचारलं, "मी हाय न्हवं गं?"