पागोट्याने मोजलेला मेंढा

फार फार मागे, माणसं आणि मेंढरं एकाच तळ्याचं पाणी पीत तेव्हाची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका धनगरवाड्यात अजब रीत होती. जत्रेला मेंढ्यांची पोटं पागोट्याने मोजत. ज्याच्या पोटाला जास्त कापड लागेल, तो मेंढा गुलालात न्हाऊन डोंगर चढे आणि देवाची घंटा वाजवी.

म्हाकू धनगराला तो मान हवाच होता. म्हणून पहाटेच्या दवात तो आपला कळप तळ्याकाठच्या ओल्या, खुरट्या गवतावर चारी. जत्रा जवळ आली तसं त्याच्या लाडक्या मेंढ्याचं पोट मडक्यासारखं झालं. जबड्याखाली पिशवीसारखी सूज लोंबू लागली. म्हाकूला वाटलं, चरबी चढली! आनंदाने त्याला झोप येईना.

बायको तायव्वा म्हणाली, "अहो, ह्याची लोकर हातात येतेय. पाठीचं हाड लागतंय. कळपात मागं मागं राहतो."

"तुझ्या भावाच्या मेंढ्याला एवढं पोट नाही, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय होय?" म्हाकू हसला.

जत्रा उजाडली. ढोल घुमले. पागोट्याचे वेढे पडत गेले आणि म्हाकूचाच मेंढा जिंकला! गुलाल उधळत सगळा वाडा डोंगर चढू लागला. पण शेवटच्या चढावर मेंढा खाली बसला. लोक म्हणाले, ओढ, घंटा हाताशी आलीय. म्हाकूने दोरी ओढली. मेंढ्याने नुसती मान जमिनीला टेकवली.

तायव्वा गर्दीतून धावत वर आली. तिने मेंढ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली हवी, तिथे सोललेल्या लसणासारखं पांढरं.

"ही चरबी नाही, पाण्याची सूज. ओल्या गवतातून पोटात जंत गेलेत. चारा तुम्ही घातला, रक्त त्यांनी प्यायलं," ती म्हणाली. "आणखी ओढलंत तर घंटा वाजेल, पण मेंढा उरायचा नाही."

म्हाकूने एकदा घंटेकडे पाहिलं. मग दोरी सोडली आणि मेंढा खांद्यावर घेतला. एवढं थोरलं जनावर, पण कोकरासारखं हलकं!

घंटा मेव्हण्याच्या मेंढ्याने वाजवली. म्हाकू मात्र कळपातली एकेक पापणी पाहत बसला. कितीतरी पांढऱ्या निघाल्या. त्याने पळसपापडीचं कडू औषध पाजलं, तळ्याचा काठ सोडला, आणि दव सुकल्यावर कोरड्या माळावर चराई सुरू केली. काही कोकरं हातची गेलीच. मेंढा वाचला.

पुढच्या जत्रेत पागोटी डोक्यावरच राहिली. म्हाताऱ्यांनी पापण्या पाहून मेंढा निवडला, तो म्हाकूचाच. आता सडपातळ झालेल्या त्या मेंढ्याने गळ्यातल्या दोरीला असा हिसका दिला, की ती हातातून सुटली आणि म्हाकू धापा टाकत वर पोचला तेव्हा घंटा केव्हाच वाजून गेली होती!

म्हणून सांगते, फुगलेलं दिसतं ते भरलेलं असतंच असं नाही.